मार्कमेमोतला मृतसाठा

पावसाळ्यात आमच्या हर्सूलमध्ये दोन आकड्यांची रोज चौकशी होते. एक हर्सूल तलावाचा, तो फुटांत सांगतात. दुसरा पैठणच्या नाथसागराचा, तो टक्क्यांत. दूध आणायला बाहेर पडलं की ‘तलाव किती झाला?’ आणि ‘धरण किती टक्के?’ हे दोन्ही प्रश्न एका दमात कानावर येतात. शाळेचं तोंडही न पाहिलेला माणूस यात गल्लत करत नाही. तलावाचे वीस आणि धरणाचे वीस वेगळे, हे त्याला सांगावं लागत नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण या शहाणपणाचं नवल मला कधी वाटलं नव्हतं. ते वाटायला लावलं माझ्या भाचीने. शहरातल्या कॉलेजातून मेकॅनिकलला बी.टेक. झालेली ही मुलगी एका रविवारी आठही सेमिस्टरचे मार्कमेमो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरी आली. जर्मनीत मास्टर्सला अर्ज करायचा होता. “मावशी, माझा सीजीपीए ७.९ आहे. जर्मनीत त्याचे किती होतात, तेवढं काढून दे.” मला वाटलं, पाच मिनिटांचं त्रैराशिक आहे. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी वही घेऊन बसलो होतो, आणि त्याच कागदांवरून तीन वेगवेगळी उत्तरं निघाली होती. तिन्ही गणितं बरोबर होती.

आधी जर्मनीची मोजपट्टी पाहू, कारण ती आपल्या अगदी उलट आहे. तिथे गुण जितके कमी तितके चांगले. १.० सर्वांत वर, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. एकेका पेपरला मधले आकडेही ठरलेले आहेत: १.०, १.३, १.७, २.०, २.३ असे. १.५ कुणाला मिळतच नाहीत. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याचे गुण या पट्टीवर आणायला एक सूत्र वापरतात. त्याचं नाव सुधारित बव्हेरियन सूत्र. बव्हेरिया हे म्युनिक शहराचं राज्य.

सूत्र असं आहे. तुमच्या विद्यापीठात जास्तीत जास्त जेवढे गुण मिळू शकतात, त्यातून तुमचे गुण वजा करा. मग त्याच कमाल गुणांतून पास व्हायला लागणारे किमान गुण वजा करा. पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागा, आलेल्या भागाकाराला तीनने गुणा आणि त्यात एक मिळवा. कमाल गुण मिळवणाऱ्याचं उत्तर १ येतं, जेमतेम पास झालेल्याचं ४. सूत्र एवढंच. सातवीचं मूल सोडवेल.

पण त्यातली दुसरी वजाबाकी मी पुन्हा पुन्हा पाहत राहिले. त्या सूत्राला पूर्ण दहाशी देणंघेणं नाही. पास होण्याची रेघ ते आधी शोधतं, रेघेखालचं सगळं बाजूला ठेवतं, आणि रेघेच्या वर तुम्ही किती भरलात एवढंच मोजतं. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते आठवायला वेळ लागला नाही, कारण मराठवाड्यातलं प्रत्येक घर हे गणित रोजच्या पेपरात वाचतं. जिवंत साठा आणि मृतसाठा!

नाथसागराची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातलं ७३८ दशलक्ष घनमीटर पाणी मृतसाठ्याचं, म्हणजे एका ठरलेल्या पातळीच्या खालचं. ते हिशेबात धरत नाहीत. वरचं २,१७१ दशलक्ष घनमीटर हा जिवंत साठा, आणि पेपरातले टक्के फक्त त्याचे असतात. ‘धरण शून्य टक्के’ असं छापून येतं तेव्हाही आत ७३८ दशलक्ष घनमीटर पाणी असतंच. दुष्काळात त्याच पाण्यावर आमच्या शहराने दिवस काढलेले आहेत.

मार्कमेमोतही मृतसाठा असतो. पास होण्याच्या रेघेखालचे गुण मिळवायला मुलाने मेहनत घेतलेली असते, पण जर्मन सूत्राच्या लेखी तिथे शून्य टक्के.

आता आमची तीन उत्तरं. विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर सुचवलेल्या दहा गुणांच्या पद्धतीत ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९ असं उतरत उतरत ‘पी’ म्हणजे नुसत्या पासला ४ गुण आहेत. रेघ ४ वर धरली तर जिवंत साठा ६ गुणांचा, त्यात भाचीने भरले ३.९, म्हणजे ६५ टक्के. सूत्राचं उत्तर २.०५. पण तिचं कॉलेज लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेलं आहे. तिथे पास होणारी सर्वांत खालची श्रेणी ‘ईई’, आणि तिचे गुण ५. म्हणजे जिवंत साठा ५ गुणांचा, त्यात भरले २.९, म्हणजे ५८ टक्के. उत्तर २.२६. मग भाचीने तिसरा रस्ता काढला. सीजीपीएची आधी टक्केवारी करायची आणि टक्केवारी सूत्रात घालायची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे ७.९ चे ७१.५ टक्के होतात. पासची रेघ ४० टक्क्यांवर. जिवंत साठा ६०, भरले ३१.५, म्हणजे साडेबावन्न टक्के. उत्तर २.४२५.

मुलगी तीच, तिची चार वर्षं तीच, रात्री दोनपर्यंत जागून केलेले पेपर तेच. आणि आकडे २.०५, २.२६, २.४२५. जर्मनीतले बरेच अभ्यासक्रम २.५ च्या आतलाच अर्ज विचारात घेतात, त्यामुळे तिचं कुठल्याच रस्त्याने अडलं नसतं. पण जिचा सीजीपीए ७.६ आहे, तिचं दार यातला एक रस्ता उघडतो आणि दुसरा बंद करतो. पडताळून पाहा: रेघ ५ वर धरली तर २.४४, टक्क्यांच्या रस्त्याने गेलं तर २.५७५.

मग खरं उत्तर कोणतं? जिथे शिकलात तिथल्या नियमात जे गुण छापलेत, त्यांची कमाल आणि त्यांची पासची रेघ. दुसऱ्याची रेघ उसनी घ्यायची नाही आणि मध्ये टक्क्यांचा फेरा घालायचा नाही. तिच्यासाठी २.२६.

टक्क्यांच्या या फेऱ्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यांना शेवटी टक्केच हवे असतात. लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या फॉर्मवर, बँकेत शैक्षणिक कर्जाला, सगळीकडे ‘किती पर्सेंट?’ ७.९ ला सरळ दहाने गुणलं तर ७९. सीबीएसईने दहावीसाठी एके काळी ठरवलेल्या साडेनऊने गुणलं तर ७५.०५. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याने ७१.५. त्या साडेनऊचीही गंमत आहे. ९१ ते १०० मध्ये गुण मिळवणाऱ्यांची सरासरी ९५ च्या आसपास येत होती आणि त्यांची श्रेणी होती १०, म्हणून ९५ भागिले १० करून साडेनऊ. तो त्या परीक्षेच्या, त्या मुलांच्या गुणांतून निघालेला आकडा. पण आज कुणीही कुठल्याही सीजीपीएला साडेनऊने गुणतं.

सीजीपीएवरून मूळ टक्के परत मिळतच नाहीत. लोणेरेच्या पद्धतीत ४० पासून ५० पर्यंत सगळ्यांना ‘ईई’ आणि ५ गुण. ९१ पासून १०० पर्यंत सगळ्यांना ‘ईएक्स’ आणि १० गुण. चाळीसवाला आणि पन्नासवाला एका पायरीवर उभे आहेत. पायरीवर चढताना जी माहिती खाली सांडली, ती कुठल्याच गुणाकाराने परत भरून येत नाही. भाचीला मी हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे पहिल्या सेमिस्टरला गणिताच्या एम-वनमध्ये माझे काठावरचे दोन मार्क कायमचे गेले?” कायमचे गेले. मात्र दुसऱ्या एखाद्या विषयात तिला तसेच दोन फुकटही मिळाले असतील.

ही पासची रेघ जगभर कुठे कुठे मारलेली आहे, हे शोधत गेले आणि मला रात्री झोप लागेना. इंग्लंडच्या विद्यापीठांत ती ४० वर आहे. पण तिथे सत्तरच्या पुढे गेलेला विद्यार्थी ‘फर्स्ट’, म्हणजे पहिल्या प्रतीचा, आणि साठ ते सत्तरमधल्याचा वर्ग ‘टू-वन’. बहुतेक नोकऱ्या आणि मास्टर्सचे प्रवेश या टू-वनवर मिळतात. तिथे ६८ मिळालेल्या मुलाचे आईवडील पेढे वाटतील, इथे ६८ वाल्याची समजूत घालावी लागते. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजने १८९७ साली गुणांऐवजी अक्षरं वापरायला सुरुवात केली तेव्हा ७५ ला ‘डी’ होता, जेमतेम पास! त्याखाली नापास. आपल्याकडे ज्या पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन म्हणतात, तिथे त्या कॉलेजचा मृतसाठा संपत होता.

फ्रान्समध्ये गुण वीसपैकी, दहाला पास, आणि सोळाला सर्वोत्तम शेरा. वीस सहसा कुणाला मिळत नाहीत. इटलीत प्रत्येक पेपर तीसपैकी, अठराला पास, आणि संपूर्ण पदवीचे गुण एकशे दहापैकी. एकशे दहाच का? मला उत्तर सापडलं नाही, पण तिथल्या घरांत एकशे दहा या आकड्याने डोळ्यांत पाणी येत असणार, हे नक्की. डेन्मार्कमध्ये फक्त सात गुण आहेत: उणे ३, ०, २, ४, ७, १० आणि १२. उणे गुण मिळतात! स्वित्झर्लंडमध्ये ६ सर्वांत चांगले आणि ४ ला पास. शेजारच्या जर्मनीतल्या शाळेत ६ म्हणजे सर्वांत वाईट. आइनस्टाइनने १८९६ साली स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या शाळेतून परीक्षा दिली तेव्हा बीजगणितात आणि भूमितीत त्याला ६ होते. तो गणितात नापास झाला होता ही गोष्ट जगभर पसरायला ही उलटी पट्टीही कारणीभूत झाली असं सांगतात. वर्गात कच्च्या मुलांना धीर द्यायला मीसुद्धा ती गोष्ट सांगितली आहे. त्या मुलांना आता गाठून खरं काय ते सांगावंसं वाटतं.

अमेरिकेत पट्टी ४ ची, असं सगळे म्हणतात. ‘ए’ला ४, ‘बी’ला ३, ‘सी’ला २. भाचीच्या मैत्रिणीने आपल्या सीजीपीएला दहाने भागून चारने गुणलं होतं आणि ३.१ आले म्हणून ती खट्टू झाली होती. ते भागायचंच नसतं. बरीच अमेरिकी विद्यापीठं अर्जात स्पष्ट लिहितात, की तुमच्या मार्कमेमोवर जे आहे तेच भरा, रूपांतर करू नका. जिथे रूपांतर लागतं तिथे संस्था एकेक विषय घेऊन पाहतात, आणि अनेक भारतीय विद्यापीठांच्या साठच्या वरच्या गुणांना ‘ए’ धरतात. पुन्हा तीच गोष्ट: आमच्याकडचे साठ किती उंचीवर आहेत, हे कुणीतरी तिथे बसून मोजलेलं आहे. आणि सगळी अमेरिका चारवर चालते हेही पुरतं खरं नाही. बॉस्टनजवळच्या एमआयटीत ‘ए’ला ५ गुण असतात. तिथून ४.० आणणारा मुलगा म्हणजे सगळीकडे ‘बी’ मिळवणारा.

एमआयटीचं नाव आलं म्हणून सांगते. तिथे गेलेला पहिला भारतीय विद्यार्थी मराठी होता. पुण्याचा केशव मल्हार भट, साल १८८२. त्या काळी मुंबई विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी होती एल.सी.ई., म्हणजे स्थापत्याचा परवाना. बी.ए. झालेला तो पदवीधर, इंजिनिअर झालेला तो परवानाधारक! मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने मिळवली ती हीच एल.सी.ई. पुढे त्या ‘परवानाधारका’ने खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. हीच कथा जर्मनीत. तिथल्या तांत्रिक विद्यापीठांना डॉक्टरेट देण्याचा हक्क प्रशियाच्या राजाने दिला तो १८९९ साली, आणि तोही अशा अटीवर की पदवी जर्मन वळणाने लिहायची, मध्ये जोडरेघ देऊन, म्हणजे जुन्या विद्यापीठांच्या लॅटिन ‘डॉक्टर’शी तिची गल्लत होऊ नये. ती जोडरेघ आजही आहे. जर्मन इंजिनिअर आपल्या नावामागे ‘डॉ.-इंग.’ लिहितो तेव्हा मधली ती बारीक रेघ त्याच्या पणजोबांच्या वेळचं भांडण सांगते. आपल्याकडे बी.ई. मोठी की बी.टेक., यावर मुलं अजून हमरीतुमरीवर येतात. दोन्हींचा दर्जा सारखाच आहे.

गुणांनंतर क्रेडिट. इथे भाचीला घाम फुटला, कारण जर्मन विद्यापीठाने विचारलं होतं, गणिताची किती क्रेडिट झाली, यंत्रशास्त्राची किती. तिच्या पदवीची एकूण क्रेडिट १६० च्या आसपास. युरोपात चार वर्षांना २४० होतात. म्हणजे ऐंशी कमी पडली? नाही. मोजायचं मापच वेगळं. आपलं क्रेडिट वर्गात बसल्याचं आहे: आठवड्याला एक तास लेक्चर असेल तर एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल असेल तर एक क्रेडिट. युरोपचं क्रेडिट विद्यार्थ्याच्या एकूण कष्टाचं आहे. वर्ग, घरचा अभ्यास, जर्नल, परीक्षेची तयारी सगळं धरून २५ ते ३० तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाला ६०. आपण शिकवण्याचे तास मोजतो, ते शिकण्याचे. आपल्या चाळीसला त्यांचे साठ, म्हणजे आपल्या एका क्रेडिटला दीड, असा ढोबळ हिशेब बसतो, पण कोणत्या विषयाला किती, हे सिलॅबसची पानं लावूनच पटवावं लागतं. भाचीने आठ सेमिस्टरच्या सिलॅबसची झेरॉक्स केली, तो गठ्ठा एका पायलीच्या डब्याएवढा झाला.

हे क्रेडिट जन्माला कसं आलं, ते वाचून मी अक्षरशः उठून बसले. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर कॉलेज कशाला म्हणायचं, हे आधी ठरवायला हवं. म्हणून कार्नेगी प्रतिष्ठानने अट घातली, की प्रवेशाला येणाऱ्या मुलाने शाळेत अमुक इतके तास अमुक विषय शिकलेला असावा. पेन्शन हवी म्हणून कॉलेजं भराभर त्या मापात बसली. मग १९१० साली मॉरिस कुक नावाच्या एका मेकॅनिकल इंजिनिअरने त्याच प्रतिष्ठानसाठी अहवाल लिहिला आणि एका विद्यार्थ्याचा एक तास हे कॉलेजच्या कामाचं माप सुचवलं, कारखान्यात मोजतात तसं. म्हाताऱ्या शिक्षकांच्या पेन्शनसाठी आखलेली ती मोजपट्टी शंभराहून अधिक वर्षांनी हर्सूलच्या मुलीच्या मार्कमेमोवर शेवटच्या रकान्यात येऊन बसली आहे. मी स्वतः पेन्शनवर जगणारी शिक्षिका. त्या रकान्याकडे मला आता वेगळ्याच आपुलकीने पाहावंसं वाटतं.

जर्मनीला जाणाऱ्या मुलांना मी मात्र सर्वांत आधी एटीकेटीबद्दल सांगते. आपल्याकडे विषय राहिला तर ‘केटी लागली’ म्हणायचं आणि पुढच्या वर्गात बसायचं. तो विषय नंतर निघतो, पुन्हा राहिला तर पुन्हा बसायचं. यात मला एक मोठी दया दिसते. आजारपण, घरची अडचण, पहिल्या वर्षी इंग्रजीतून काहीच न कळणं, या सगळ्याला ती पद्धत जागा देते. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीन संधी. तिसऱ्यांदा राहिलात तर तो अभ्यासक्रम संपला, आणि देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही तोच विषय घेऊन बसता येत नाही. हजेरी कुणी घेत नाही, अंतर्गत गुण बहुधा नसतात, आणि परीक्षेला बसण्यासाठीही वेगळी नोंदणी स्वतः आठवणीने करावी लागते. आपल्या मुलांना पडणारा धक्का कठीण पेपरचा नसतो. कुणी मागे लागत नाही, याचा असतो.

आपली कागदपत्रं खरी आहेत हेही आधी सिद्ध करावं लागतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘एपीएस’ या तपासणी केंद्राचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्या कागदांची जुळवाजुळव करताना भाची चिडचिडी झाली होती. तिला मी एक जुनी गोष्ट सांगितली.

आमच्या शहरातल्या विद्यापीठाला आणि लोणेरेच्या विद्यापीठाला, दोघांनाही बाबासाहेबांचं नाव आहे. शहरातलं विद्यापीठ १९५८ चं, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, आणि त्यासाठी इथल्या माणसांनी काय सोसलं ते इथे कुणाला सांगावं लागत नाही. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली गेले. एम.ए. १९१५ साली झाली. पीएच.डी. मात्र रीतसर हाती आली १९२७ साली. कोलंबियाचा नियम होता, की प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा केल्याशिवाय पदवी मिळायची नाही. प्रबंध पुस्तकरूपाने छापून निघाला १९२५ साली. दरम्यान लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. १९२१ ला आणि डी.एस्सी. १९२३ ला झालीसुद्धा! दोन खंडांतल्या दोन विद्यापीठांचे नियम, दोन तऱ्हेच्या पदव्या, मध्ये एक महायुद्ध. ज्याचं नाव आपल्या मार्कमेमोच्या माथ्यावर छापलेलं आहे, त्या माणसाने हे फॉर्म, ह्या अटी, ही वाट पाहणं सगळं भोगलं आहे. भाचीने मार्कमेमो उलटा करून वरचं नाव पुन्हा वाचलं. मग काही बोलली नाही, कामाला लागली.

आणि हा रस्ता एकाच दिशेचा नाही. आमच्या शहरात कित्येक वर्षांपासून येमेन आणि इतर अरब देशांतली मुलं शिकायला येतात. माझ्या शिकवणीला दोन वर्षं शेजारी राहणारा एक येमेनी विद्यार्थी येत असे, संख्याशास्त्र विचारायला. आपल्या देशातली त्याची गुणपत्रिका त्याने मला दाखवली होती. त्यावर श्रेणी शब्दांत होत्या. सर्वांत वरची ‘मुमताज’. तिच्या खाली ‘जय्यिद जिद्दन’, फार चांगला. मग ‘जय्यिद’, चांगला. आणि पासची रेघ, तळची श्रेणी, ‘मकबूल’. उर्दू कानावर पडत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला दुभाष्याची गरज पडली नाही. मुमताज म्हणजे उठून दिसणारा. मकबूल म्हणजे ज्याला आपलं म्हटलं, पदरात घेतलं. जेमतेम पास झालेल्याला इतका प्रेमळ शब्द मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकला नाही. तो मुलगा उलट मला विचारायचा, “मॅडम, तुमच्याकडे पास क्लास म्हणतात, मग पास होऊनही मुलं रडतात का?”

भाची गेल्या वर्षी जर्मनीला गेली. फेब्रुवारीत पहिल्या पेपरचा निकाल आला तेव्हा मी ताईकडेच होते. फोन स्पीकरवर होता. “आई, एक पॉइंट सात.” ताईचा चेहरा पडला. चारपैकी, दहापैकी, कशातूनही एक पॉइंट सात ऐकून कुठल्या आईला बरं वाटणार? ती हलक्या आवाजात म्हणाली, “असू दे बाळा, पुढच्या वेळी होईल.” पलीकडून भाची हसली आणि म्हणाली, “आई, नाथसागर सत्त्याहत्तर टक्के भरला.”

ताईने डोळ्यांना पदर लावला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत पेनने लिहिलं: ७७%.